दुकानातला शामी

इरफान रियाधला निघाला तेव्हा आमच्या खाडीकाठच्या गावाने त्याची थट्टा केली होती. "अरब चालला अरबस्तानात!" गोरापान रंग, घारे डोळे, धारदार नाक. माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी, तोऱ्यात सांगत, "आपले पूर्वज गलबतातून आले ते तिथनंच." जीपमध्ये बसताना पठ्ठ्या हसत होता. मी मागाहून जाणार होते, त्यामुळे रडण्याचा मान अम्मींचा.

तुम्हा गाववाल्यांना वाटतं, तो अत्तराच्या दुकानात नुसत्या बाटल्या विकायचा. अहो, तो काय करायचा ते मी डोळ्यांनी पाहिलंय! मालकानेच, म्हणजे कफीलने, सांगितलेलं: गिऱ्हाइकासमोर हिंदी शब्द काढायचा नाही, तू शामी. शामी म्हणजे सिरियाकडचा; अरबाच्या हातचं अत्तर गिऱ्हाईक भरवशाने घेतं. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, इंडियन लिहिलेलं, पण गिऱ्हाईक थोडंच कार्ड बघतंय? इरफानने अरबी अशी काही उचलली की मी थक्क! दमास्कसजवळ एक गाव रचलं, तिथे ऑलिव्हची बाग, एक तापट काका. मी बुरख्याआड गिऱ्हाईक बनून ऐकत उभी राहायचे, आणि खोटं कशाला बोलू, त्या काकाची मलासुद्धा धास्ती वाटायला लागली. नवरा माझाच, पण अंगावर काटा यायचा. अख्खं आयुष्य माणूस हवेतून काढतो तरी कसं?

गेल्या वर्षी अम्मी मक्केला उमऱ्याला आल्या, तिथून आमच्याकडे. "पोराचा दुकान बघल्याबिगर मी जायची नाय." इरफानने आज-उद्या करत टाळलं. शेवटी ठरलं, मी त्यांना लांबूनच दाखवून परत आणायचं. गोष्ट फुटली तर त्याची जागा जाणार होती. "अम्मी, तिथे बोलायचं नाही हां," मी बजावलं. त्या म्हणाल्या, "मी कशाला बोलते?"

आणि खरंच नाही बोलल्या. इरफान दोन सौदी बायकांना ऊद दाखवत होता, कफील गल्ल्यावर. अम्मी माझा हात सोडवून तडक आत शिरल्या, दोन्ही हात त्याच्या चेहऱ्यावरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली. लेकाची बला घेतली! अशी बोटं मोडावीत आपल्याकडच्या आयांनीच. कफील गल्ल्यावरून उठून उभाच राहिला. इरफानने एवढंच म्हणायचं होतं, "कोण जाणे, कुणी हिंदी म्हातारी." निभावलं असतं.

त्याने मान वाकवली. अम्मी बुटक्या, त्यांचा हात पोचावा म्हणून आणखी वाकवली. मग बायकांकडे वळून शांतपणे अरबीत म्हणाला, "ही माझी आई. आम्ही हिंदुस्तानचे."

या अल्लाह! काका, बाग, गाव, सगळं एका वाक्यात खलास. आणि माझ्या नवऱ्याला इतका देखणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. एक बाई "माशाल्ला" म्हणाली, पण ऊद न घेताच गेली.

कफीलने त्याला दुकानातून काढून शहरातल्या बत्हा भागातल्या गोदामात टाकलं, खोकी उचलायला. अम्मींना कळू देऊ नका. त्या गावभर दुकानाचं कौतुक सांगतात, सांगू देत.

पूर्वी इमारतीत कुणी ओळखेल म्हणून इरफान जिन्यात माझ्याशीही अरबीतच पुटपुटायचा. मराठी बोलायचा ते दार लावल्यावरच. आता खालच्या मजल्यावरूनच ओरडतो, "काय गो, जेवान झाला काय?" तिथल्याच शाळेत जाणारी आमची लेक लाजते, "पप्पा, धीरे बोलो ना, प्लीज!" मी मात्र वरून तितक्याच मोठ्याने ओ देते. आमचं घर आता जिन्यापासून सुरू होतं.