पाण्याच्या दिवशीचं नागरिकशास्त्र

मी आठवीच्या वर्गाला नागरिकशास्त्र शिकवतो, आणि आमच्या गल्लीत माझ्यावर कुणाचाही विश्वास नाही.

याला कारण मीच. हक्क आणि कर्तव्ये नुसती पाठ करून मुलांच्या डोक्यात काही शिरत नाही, हे माझं जुनं मत. म्हणून या वर्षी ठरवलं, मुलांना वर्गाबाहेर काढायचं! "सरकार दिल्लीत नंतर, आधी आपल्या नळापाशी सुरू होतं," असं एक वाक्य मी वर्गात टाकलं (मलाच फार आवडलं) आणि प्रकल्प दिला. एका गल्लीत जाऊन लोकांना पाण्याबद्दल विचारायचं. पाणी कधी येतं? किती वेळ असतं? पुरतं का? उत्साहाच्या भरात शेवटी आणखी एक प्रश्न जोडला: नळाला मोटर लावता का? आणि गल्ली निवडली ती स्वतःची. सात रस्त्याजवळच्या आमच्या शाळेपासून पाच मिनिटांवर, शिवाय सगळी ओळखीची माणसं. अक्कल म्हणतात ती अशी!

सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. ते आलं की जो तो नळाला थेट मोटर जोडतो आणि ओढून घेतो. हे नियमात बसत नाही, त्यामुळे आमच्या गल्लीत मोटर कुणाकडेच नाही. पाण्याच्या दिवशी घराघरातून घुर्रर्र असा आवाज येतो, पण तो कसला, हे कुणी कुणाला विचारत नाही.

आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवून माझी पोरं दारोदार नेमकं तेच विचारत फिरली!

संध्याकाळी शेजारचे चन्नप्पा काका आले. एरवी चहा घेतल्याशिवाय न हलणारा माणूस उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"सर, ती पोरं तुमीच पाठवली व्हय?"

"हो, शाळेचा प्रकल्प आहे."

"असंच म्हणत्यात की. आदी पोरं येत्यात, मागनं गाडी येती."

"कसली गाडी?"

"मोटरी उचलायची!"

"अहो काका, मी कशाला असं करीन?"

"तेच तर कळंना झालंय," असं म्हणून काका माझ्यावरची नजर न काढता उलट्या पावलांनी घरी गेले.

दिवेलागणीपर्यंत गल्लीतल्या सगळ्या मोटरी गुप्त झाल्या. कुणाची ज्वारीच्या पिंपात, कुणाची पलंगाखाली. आमची मोटर शिवलीलानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, नव्या पाळण्यात निजवली. वर दुपटं घातलं. टोपडंसुद्धा!

पाळणा आणला होता नातीच्या बारशासाठी. बारसं पाण्याच्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, आमच्याच घरी, आणि वळसंगहून माझी अख्खी सासुरवाडी येणार होती. आमच्या लग्नाच्या बोलणीत सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला होता, "पोरीला पाणी तरी मिळंल न्हवं?" आणि मी छाती काढून म्हणालो होतो, "भरपूर!" आता अंगणातली टाकी भरली नाही, तर भर बारशात ती छाती कुठे लपवायची, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

पाण्याचा दिवस उजाडला. नळ वाजले. पण घुर्रर्र नाही! गाडीच्या भीतीनं एकानंही मोटर काढली नव्हती. आणि काय चमत्कार, आमच्या नळाला अंगठ्याएवढी धार! ओढावं न लागता, आपण होऊन!

"बगा की ओ," शिवलीला हरखून म्हणाली. "कुणीच ओढंना, तर सगळ्यांनाच आलं. टाकी आरामात भरंल."

नागरिकशास्त्राचा सगळा धडा नळातून वाहत होता. एखाद्या शहाण्या शिक्षकानं डोळे भरून पाहिला असता. मला मात्र संशय आला.

मी भिंतीला कान लावला. चन्नप्पा काकांच्या घरात शांतता. जरा जास्तच शांतता!

"काकांनी गादीखाली घालून लावली असणार," मी म्हणालो. "आवाज दाबलाय."

"काय तरीच तुमचं!"

"अगं, सगळे लावून बसलेत आणि आपण एकटे बावळट ठरतोय. बारसं कुणाच्या घरी आहे?"

मी पाळण्यातून मोटर उचलली, नळाला जोडली, आवाज दबावा म्हणून दुपट्यात घट्ट गुंडाळली आणि बटण दाबलं. टाकीत धबधबा! तेवढ्यात बाहेर ओरडा झाला, "पाणी गेलं! आमचं बी गेलं!" पाठोपाठ दारावर थाप. बाहेर माझे विद्यार्थी, त्यांच्यापुढे त्यांची गटप्रमुख रेश्मा, त्यांच्यामागे अख्खी गल्ली. प्रत्यक्ष पाणी येताना पाहायचं, हा प्रकल्पाचा दुसरा भाग मीच आज ठेवला होता आणि मीच विसरलो होतो.

"सर, सगळ्यांची धार एकदम गेली," रेश्मा म्हणाली. "फक्त तुमचा नळ बघायचा राहिलाय. आत काय वाजतंय?"

"बाळ आहे."

"घुर्रर्र करतंय, सर."

"सर्दी झालीय."

"बाळ तर उद्या येणार हाय की," मागून चन्नप्पा काका म्हणाले.

त्याच क्षणी मोटरनं दुपट्यातून धूर सोडला, फाट् असा आवाज केला आणि ती कायमची शांत झाली. गल्लीतले नळ मात्र पुन्हा सुरू झाले. आमचाही झाला असता, पण मोटर नळाशी अशी आवळली होती की ती सुटेपर्यंत पाण्याची वेळ संपली. टाकी गुडघाभरही भरली नाही.

दुपारभर मी तोंड लपवून बसलो. लाज वाटत होती, आणि सासूबाई डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. संध्याकाळी चन्नप्पा काका आले. मागे सगळी गल्ली, हातात घागरी, कळशा, बादल्या. एकामागून एक त्यांनी आमची टाकी भरायला घेतली.

"पावणे तुमच्याकडं येणार, पर नाव गल्लीचं जाणार," काका म्हणाले. "मोटरी आमी बी आता काडत न्हाय. बिनमोटरीचं लई झकास आलं. फक्त एक अट हाय."

अट मी मान्य केली. बारसं थाटात झालं.

तेव्हापासून पाण्याच्या दिवशी मी गल्लीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेन असा, खुर्ची टाकून बसतो. परवा रेश्मा शाळेला जाताना थांबली. तिच्या चेहऱ्यावर मला चक्क आदर दिसला.

"सर, कुणी मोटर लावत नाही ना, यावर लक्ष ठेवताय?"

"हो बाळ," मी ऐटीत म्हणालो, "जागरूक नागरिक म्हणून..." आणि तिच्याबरोबर शाळेला निघावं म्हणून जरासा उठलो.

आपल्या दारातून चन्नप्पा काका ओरडले, "सर, खाली बसा! पाणी अजून चालू हाय!"