रिकाम्या हातांचा नेम

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाल्या बाई म्हणत. दवाखान्यामागच्या चिंचोळ्या खोलीत बसून त्या लोकांचे दात बनवायच्या. खिडकीत परक्यांचं हसू ओळीने मांडलेलं असे. रविवारी मात्र बाई पेटीत पिस्तूल घालून बसने नेमबाजी क्लबात जात. हवेवर चालणारं पिस्तूल, बारीकसे छर्रे, समोर कागदाचं लक्ष्य. नवऱ्याला हा नाद पटला नव्हता. पण तिथून परतलेली बायको दिवसभर कुणावर चिडत नाही हे त्याने हेरलं होतं, म्हणून तो गप्प असे.

एका रविवारी कंडक्टरने पेटी अडवली.

"नवा नियम आलाय बाई. बसमध्ये शस्त्र चालणार नाही."

"अहो, कुलूप आहे पेटीला."

"कुलपाचं नियमात काही नाही."

बाई मुकाट्याने उतरल्या, पण डोक्यात भुंगा शिरला. क्लबातल्या निम्म्या जणांकडे गाडी नव्हती. म्हणजे ज्याच्याकडे गाडी त्यानेच नेमबाजी करायची की काय?

त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. वाहतूक कचेरीवर मोर्चा न्यायचं ठरलं आणि तिथेच घोडं अडलं. नेमबाज मुळात अबोल. श्वास रोखून उभं राहणं हाच ज्यांचा खेळ, ते घोषणा काय देणार? सराव केला, तर वाचनालयात कुणीतरी दबक्या आवाजात पुस्तक मागतंय असं वाटलं. चित्रकलेच्या मास्तरांना तर "आमचा हक्क" म्हणतानाच ठसका लागला.

घरी नवऱ्याने तोडगा काढला. "वाहतुकीच्या मोठ्या साहेबांची कवळी तूच केलीस ना? गावभर सांगेन म्हणावं. उद्या नियम रद्द."

"लोकांचे दात माझ्याकडे विश्वासाने येतात," बाई म्हणाल्या. "आणि तसं जिंकून मला बसमध्ये बसवणार नाही."

विचार करता करता त्यांचा उजवा हात सवयीने समोर ताठ झाला, डावा खिशात गेला. तशाच त्या थबकल्या. मग हसल्या.

सोमवारी कचेरीसमोर पदपथावर क्लबातली सगळी मंडळी रांगेत उभी राहिली. हात रिकामे, उजवा समोर ताणलेला, तोंडातून चकार शब्द नाही. येणारेजाणारे थांबून हाताच्या रोखाने बघू लागले. भाजीवाला बघायला लागला, म्हणून रिक्षावाला बघायला लागला. बघता बघता अर्धा रस्ता माना वर करून कचेरीच्या दुसऱ्या मजल्याकडे पाहत होता. तिथल्या खिडकीत साहेब चहा पीत होते.

ते तरातरा खाली आले. "हात काय रोखताय माझ्याकडे?"

"काही नाही साहेब, खेळतोय," बाई म्हणाल्या. "तुम्हीही हात असा समोर धरून बघा."

गर्दीसमोर नाही म्हणणं जड गेलं. साहेबांनी हात पुढे केला. थोड्याच वेळात बोटं थरथरायला लागली.

"राग आहे अजून," बाई हळूच म्हणाल्या. "रागावलेल्या माणसाचा छर्रा कागदालासुद्धा लागत नाही. आम्ही रविवारभर हाच राग उतरवतो. पेटीला कुलूप आणि खिशात क्लबाचं ओळखपत्र, एवढं असलं की बसू द्या."

साहेब दंड चोळत वर गेले. लगेच काही झालं नाही. चकरा झाल्या, बैठका झाल्या, एकदा तर साहेबांनी बाईंनाच पोलिसांची शंका फेडायला बसवलं. अखेर नियम बदलला: कुलूपबंद पेटी आणि ओळखपत्र असेल तर हरकत नाही.

त्यानंतरच्या रविवारी क्लबातले सगळे एकाच बसने गेले. मोहिमेच्या धावपळीत बाईंचा सराव पार बुडाला होता. त्यांनी श्वास रोखला, नेम धरला, आणि छर्रा शेजारच्या मास्तरांच्या लक्ष्यावर अगदी मधोमध बसला.

मास्तरांनी कागद पाहिला, बाईंकडे पाहिलं आणि ते आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

"हा माझाच धरायचा बरं का."