रिबेकाची रिकामी गोळी

रिबेका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या भाजी बाजारात मेथीची जुडी चाचपत उभी होते. ती महिन्याभरासाठी लेकीकडे इस्रायलला गेली होती; अश्दोदहून ती लेकच बोलत होती, “सुनंदामावशी, आई सकाळी झोपेतच…” पुढचं ऐकू आलं नाही. त्याला आता दीड महिना झाला.

शाळेपासूनची आमची मैत्री, पुढे एकाच इमारतीत वर-खाली घरं. ती बेने इस्रायली; आधी तिचे भाऊ गेले, मग लेकही इस्रायलला गेली. “इथं आजारी माणसं आहेत ना, मी कुठं जाऊ?” म्हणत ही मागे राहिली. मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात डॉक्टर म्हणून ती एचआयव्हीचे रुग्ण बघायची. त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूच्या आवरणात बुरशी शिरते. डोकं असह्य दुखतं, मान ताठते, शुद्ध हरपते. त्यावरची इंजेक्शनं मूत्रपिंडाला जड, आणि तीही सगळ्यांना वाचवत नाहीत. “नवं औषध यायला वर्षं लागतात गं. माझ्या माणसांकडे आठवडे असतात,” ती म्हणायची. म्हणून ती जुन्या औषधांच्या मागे लागली होती.

नैराश्यावरची एक साधी गोळी होती. कुठल्याही केमिस्टकडे मिळणारी, स्वस्त. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत त्या गोळीने ही बुरशी रोखली होती. त्या दिवसांत रिबेका लग्नघरातल्यासारखी वावरायची. मग रुग्णांवर चाचणी सुरू झाली. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच, शिवाय काहींना ही गोळी, तर काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसायचं.

उरणच्या हिराबाई त्यातल्याच. खरं नाव देत नाही. मासे विकणारी बाई, बेशुद्धावस्थेत आली आणि चालत घरी गेली. त्या गोळीनेच आपण वाचलो, असं त्या बंदरावर सगळ्यांना सांगत.

चाचणी संपली. गोळीचा उपयोग नव्हता, आणि कुणाला कुठली होती हेही आता उघड झालं. हे हिराबाईंना स्वतः सांगायला रिबेका उरणला निघाली, हिराबाईंना विचारून सोबतीला मला घेतलं. वाटेत मी म्हटलं, “राहू दे ना तिचा समज.” ती म्हणाली, “तिनं विश्वासानं संमतीच्या कागदावर अंगठा दिला होता, सुनंदा.”

हिराबाईंनी ऐकून घेतलं. मग हसल्या. “म्हंजे मी रिकामीच गोली खात व्हते?”

“हो. तुम्ही इंजेक्शनांनी वाचलात.”

हसू मावळलं. “मंग माज्या बाजूच्या खाटंवरची ती पोर गेली… तिला खरी व्हती का वो?”

मग हिराबाईच पुढे सरकल्या, रिबेकाचा हात धरून म्हणाल्या, “तुमी शोदायचं सोरू नका.”

परतताना कळंबोलीजवळ रिबेका म्हणाली, “हे दार बंद आहे, एवढं तरी कळलं.”

तिने सोडलं नाहीच. कॅन्सरसाठी तयार केलेलं आणि तिथे न चाललेलं एक जुनं औषध या बुरशीवर मात्र चालतं, हे जगाला केव्हाच माहीत होतं. आपल्याकडे ते मिळत नव्हतं इतकंच. निवृत्तीच्या थोडं आधी ते तिच्या वॉर्डात पोचलं. त्या संध्याकाळी ती जिना चढून आली ती ओरडतच, “नापास झालेलं पोर कामाला लागलं गं!”

तिला स्वयंपाक कधी जमला नाही. पण संध्याकाळी माझ्या ओट्याशी येऊन उभी राहायची, आमटीचे दोन थेंब तळहातावर घ्यायची आणि डॉक्टरी गांभीर्याने निदान करायची, “मीठ कमी.” नेहमी तेच. मला राग यायचा…

परवा आमटी ढवळताना डाव मागे धरून मी म्हणून गेले, “बघ गं.” मग दोन थेंब स्वतःच्याच तळहातावर घेतले.

मीठ कमीच होतं.