दगडावरची आमरी

देवावर माझा राग नव्हता, त्याच्या भपक्यावर होता. पायऱ्यांवर कोरलेली दात्यांची नावे वाचत गाभाऱ्यात पोचेपर्यंत दात्यांचेच दर्शन जास्त होते, असे मी टिळकवाडीतल्या मित्रांना ऐकवत असे. मी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवी. ‘मला डोंगरावरचे रानफूल पुरे’ हे माझे आवडते वाक्य होते. त्या भाद्रपदात ते खोटे ठरले.

शहापूरचे म्हातारे विणकर आप्पा वैजनाथच्या डोंगरावर निघाले होते. मागावर तुटलेला धागा त्यांना दिसेनासा झाला होता. नजर पुरती जाण्याआधी एकदा देवाला भेटून यायचे होते. मी सोबत निघालो तो खरे तर फुलांसाठी. चढ उभा, चिखलात पाऊल मागे घसरे. दोन्ही अंगांना तेरडा आणि सोनकी नुसती उसळली होती. आप्पांनी ओढ्याकाठची आमरीची, म्हणजे रानातल्या ऑर्किडची, मोठी पांढरी फुले खुडून घेतली. वाटेला फाटा फुटला की खऱ्या वाटेवरच्या दगडावर एक फूल ठेवायचे, हात जोडायचे आणि पुढे जायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. मी मागून येत होतो. अशी आमरी मला कधी मिळाली नव्हती. दगडाला तिचे काय कळणार, असे म्हणत मी फूल उचलून टिपकागदात घातले आणि पिशवीत ठेवले. एक पुरे होते. मी सगळी घेतली.

दर्शन घेऊन उतरायला लागलो आणि धुके आले. एका हाताला कडा, दुसरीकडे कारवीत शिरणाऱ्या गुरांच्या वाटा.

“घाबरू नका मास्तर,” आप्पा म्हणाले. “फुलं ठेवल्यात न्हवं? पांढरं तेवढं मला अजून दिसतंय.”

सांगायला हवे होते. सांगितले नाही. पहिल्या फाट्यावर ते वाकून दगड चाचपू लागले, तेव्हा आयुष्यात प्रथमच मी मनापासून देवाचा धावा केला. तोही वाट सापडावी म्हणून नव्हे, चोरी लपावी म्हणून.

तिथल्याच एका दगडावर सोनकीची जुडी होती. पिवळी, ताजी. आप्पांना ती दिसली नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, “इथं आहे.” पुढच्या फाट्यावरही सोनकी. त्याच्या पुढेही. दर वेळी ‘आहे’ म्हणताना माझा आवाज खाली जात होता.

पायथ्याशी एक बाई गवताचा भारा टेकून बसली होती. दगडांवर फुले कुणी ठेवली, असे आप्पांनी विचारले तेव्हा म्हणाली, “तुमच्या मागनं गवताला वर गेलते. दगड रिकामं दिसलं. धुक्यात कुणीबी चुकंल म्हणून ठिवली. आदुगरची शेरडानं खाल्ली असतील.”

“व्हय आक्का, शेरडानंच,” आप्पा म्हणाले. “पर त्या शेरडाच्या पिशवीला वास लई ग्वाड येतोय.”

दोघे हसले. मी पिशवी उघडून फुले त्यांच्यापुढे धरली आणि म्हणालो, “चुकलो, आप्पा.”

“मला कशाला देताय? दगड हायत की.”

आप्पांची नजर काही परत आली नाही. त्या बाईला कोणी पाठवले, हेही मला सांगता येत नाही. मी रिकामी केलेली जागा, माझे नावही न विचारता, तिने भरून ठेवली होती. एवढे दिलेले निमूट घ्यायचे असते, हे मला उशिरा उमगले. आता डोंगरावर मी सगळ्यांच्या मागून चढतो. रिकामा दगड दिसला की फूल ठेवतो, आणि हात जोडल्यावर बराच वेळ मान वर करवत नाही.