अण्णांच्या अंगठ्याचा डाग

पगार झाला की काहीतरी नवीन घ्यायची खाज मला तेव्हा फार होती. मारुंजीत भाड्याच्या खोलीत राहायचो, झोपायला धड गादी नव्हती, पण मोबाईलला लावायचा कॅमेरा घेतला. कॅमेरा कसला, नुसतं वाटीएवढं भिंग, सगळा कॅमेरा त्याच्याच पोटात! मोबाईलच्या पाठीला चिमट्यानं अडकवायचं आणि चित्र मोबाईलवर बघायचं. लांब ठेवलं तरी वायफायवर चालायचं. ऑफिसात चार जणांपुढं मिरवून झालं आणि मग ते कपाटात पडलं.

दिवाळीच्या आधी अण्णा, म्हणजे माझे वडील, औशाहून माझ्याकडं आले. आईनं फोनवर बजावलं, "एवढा महागाचा कॅमेरा घेतलाय म्हणतोस, तर त्यांचा हसताना एक फोटो काढ. घरात एकही नाही."

खरंच नव्हता. एरवी खुदुखुदु हसणारा माणूस, पण फोटो म्हटलं की टोपी सरळ, गुंडी गळ्यापर्यंत, हात मांड्यांना चिकटलेले, आणि चेहरा पोलीस चौकीत बोलावल्यासारखा.

तेव्हा आमच्या गच्चीवरून भाताची खाचरं दिसायची. अण्णांना त्याचं केवढं कौतुक! "मागं भात येऊ दे रे," म्हणाले. दोघं फोटोत एकत्र येऊ म्हणून मी भिंग पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर ठेवलं आणि मोबाईल घेऊन कठड्यापाशी आलो. अण्णांना वाटलं, कॅमेरा माझ्या हातातच आहे.

"ते डबडं तिथं कशाला ठेवलंस?" म्हणत ते ओट्याकडं गेले आणि वाकले.

माझ्या मोबाईलवर एकदम अण्णाच अण्णा! चष्मा कपाळावर, डोळे बारीक केलेले. "अरेच्चा, ह्या काचेत मीच दिसायलोय की!" आणि हसले. पुढच्या पडलेल्या दाताची फट दिसेल एवढं हसले. मग डोक्याला नुकतंच तेल चोपडलेला अंगठा पुढं आला. "धूळ बसलीय रे," म्हणत त्यांनी काच पुसली.

बटण माझ्या बोटाखाली होतं. आणि मी शहाण्यानं काय केलं? ओरडलो.

"अण्णा, हात लावू नका ना! महाग आहे ते. इकडं या, नीट उभे राहा."

आले बिचारे. टोपी सरळ केली, गुंडी लावली. तो फोटो मी काढला.

पुढच्या संक्रांतीआधी अण्णा गेले. मी भिंगातलं मेमरी कार्ड तीन-तीनदा धुंडाळलं. जो फोटो काढलाच नाही, तो सापडणार कुठून? पण माणूस वेडा असतो, शोधतो. आता तर ते भिंग नव्या मोबाईलला जुळतही नाही.

होता तोच फोटो घेऊन मारुंजीतल्या फ्रेमवाल्याकडं गेलो. त्यानं तो कॉम्प्युटरवर मोठा केला. "सर, भिंग पुसलं न्हवतं व्हय? बाबांच्या तोंडावर धुरकट आलंय बघा. काढून टाकतो, लई झ्याक दिसतील."

"अजिबात नको," मी जरा जोरातच म्हणालो.

"ऱ्हायलं मग," तो गडबडून म्हणाला.

त्याला काय सांगू, की ते धुरकट म्हणजे अण्णांचा अंगठा आहे. हसले होते त्याची तेवढीच खूण उरलीय माझ्याकडं. फार आठवण येते हो त्यांची. गच्चीवर गेलो की जास्तच येते. खाचरांच्या जागी आता सोसायटी उभी आहे, पण माझी नजर टाकीच्या ओट्यावरच जाते.

फोटो आता औशाच्या घरी भिंतीवर आहे. मी गेलो की दर खेपेला आई पदरानं काच पुसते, तरी धुरकट जात नाही. मग म्हणते, "एवढा महागाचा कॅमेरा होता तुझा. एकदा तरी हसले असतील की रे तिथं?"

"नाही हसले," मी सांगतो.