कोऱ्या शिशाच्या दोन ओळी

संगमनेरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात छापखाना होता आणि तिथं कानिफनाथ जुळारी होता. जुळारी म्हणजे शिशाची अक्षरं, ज्यांना खिळे म्हणतात, ती एकेक वेचून ओळी जुळवणारा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रेची हँडबिलं, साऱ्या गावाचं बोलणं याच्या बोटांतून जायचं, आणि हा गडी स्वतः दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. तीस वर्षं असंच चाललं होतं. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं, दुसरं लग्न त्यानं केलं नाही. आई होती तोवर घरात आवाज होता. तीही दोन वर्षांपूर्वी गेली. आता खोलीवर यायचं, चूल पेटवायची, दोन भाकरी थापायच्या आणि गप्प बसायचं. एकटेपणाची सवय होते म्हणतात, पण झूठ आहे ते. कानिफनाथाला तरी झाली नव्हती.

त्र्याहत्तर सालच्या चैत्रात छापखान्यात एक बाड आलं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून आसपासच्या मुलखाचा इतिहास काढायचा ठरला होता. पंचविसाची सव्वीस व्हायला आली, वर दुष्काळानं पार कंबरडं मोडलं, तरी इतिहास आपला रखडतच होता. लिहिणारे विष्णुपंत, निवृत्त हेडमास्तर. माणूस सज्जन हो, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे. फक्त कागदावर नसेल ते घडलंच नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

एकतिसाव्या पानाला कानिफनाथाचा हात थांबला. पंतांनी लिहिलं होतं, 'शेजारच्या अकोले तालुक्यातील डोंगरात चोरांच्या एका टोळीने जंगलखात्याची चौकी जाळली. दाणागोटा संपताच भेदरून ही टोळी सरकारला शरण आली. तेथील वाडीत आजही आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी बायका दुपारपर्यंत पाणी भरत नाहीत. अशा खुळ्या समजुती आता गेल्या पाहिजेत.'

ती वाडी कानिफनाथाची होती. त्या टोळीतला नवसू म्हणजे त्याचा खापरपणजा.

आईनं त्याला ती हकिकत शंभरदा सांगितली असेल. इंग्रजानं एका सकाळी जंगल बंद केलं. काल हिरडा वेचणारी माणसं आज चोर झाली. गवताचा भारा आणला म्हणून एकाला चौकीत मरेस्तोवर मारला, तेव्हा अकराजणांनी चौकी जाळली आणि कड्यावरच्या कपारीत जाऊन बसले. नऊ दिवस शिपायांना वर चढता आलं नाही. मग आखितीच्या दुसऱ्या दिवशी साहेबानं वाडीतल्या बायका धरून पाणवठ्यापाशी बांधल्या. डोळ्यांपुढं पाणी आणि घोटभर प्यायची मनाई. उन्हं डोक्यावर आली तसे अकराच्या अकरा खाली उतरले. दाणे त्यांच्याकडं होते. ते भेदरले नव्हते, बायकांसाठी उतरले होते.

तीन दिवस कानिफनाथानं मनाशी वाक्यं जुळवली. पंत प्रुफं बघायला आले तेव्हा तो हात पुसत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"गुरुजी, एक वाक्य चुकलंय."

"शुद्धलेखन ना? दाखव."

"नाही. असं झालंच नव्हतं." आणि त्यानं आयुष्यात बोलला नव्हता इतकं एका दमात सांगून टाकलं.

पंतांनी चष्मा काढला. सगळं नीट ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. "अरे कानिफनाथ, तुझी आई खोटं बोलली असं मी म्हणत नाही. पण माझ्यापाशी त्या वेळचा सरकारी कागद आहे. तुझ्यापाशी काय आहे?"

"आमच्या बायका त्या दिवशी दुपारपर्यंत पाणी भरत नाहीत."

"ते तर मी लिहिलंच आहे की," पंत म्हणाले आणि पुढचं पान बघू लागले.

कानिफनाथ आपल्या जागेवर आला. त्याला राग आला होता, पण तो काढायचा कुणावर? बोळातून येणारी-जाणारी माणसं होती, त्यांना त्या अकराजणांचं काय पडलं होतं! आई गेल्यावर ही हकिकत धडपणे सांगणारा संगमनेरात तो एकटाच उरला होता, आणि ऐकणारा तर कुणीच नव्हता.

रविवारी छापखाना बंद असे. किल्ली त्याच्याकडेच होती. सकाळी आत जाऊन त्यानं आईची हकिकत जुळवली. अकरा नावं, चौकी, कपार, पाणवठा. समोर हस्तलिखित नव्हतं, बोटं आपोआप खिळे उचलत होती. एक पान भरलं. त्यानं ते दोऱ्यानं बांधलं, शाई लावली आणि हातानं दाबून एक प्रत काढली. आपल्या मनातलं आपणच छापलेलं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वाचलं.

सोमवारी मालक रंगनाथशेठांनी बांधलेलं पान पाहिलं. "हे कुणाचं?"

"माझंच."

शेठ काही खेकसले नाहीत. "बाबा, आपल्याकडं खिळे चार पानांपुरते. हे असं अडवून ठेवलंस तर पंतांचं एकतिसावं पान कशानं जुळवशील?"

खरंच होतं ते. कानिफनाथानं दोरा सोडला. नवसूच्या नावाची अक्षरं सुटी केली, कपारीची केली, पाणवठ्याची केली, खिळ्यांच्या पेटीत ज्याच्या त्या खान्यात टाकली. आणि त्याच खान्यांतून तेच खिळे उचलून 'भेदरून ही टोळी सरकारला शरण आली' हे वाक्य स्वतःच्या हातानं जुळवलं. रडू आलं नाही.

उरली ती एक प्रत. आखितीला छापखान्याला सुट्टी मिळाली, त्यानं आणखी एक दिवस मागून घेतला आणि एसटीनं अकोल्याला गेला. मुक्काम करून सकाळी डोंगराची वाट धरली. वाडी ओस पडलेली. धडधाकट माणसं सारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. पाणवठ्याच्या तळाशी हातभर गढूळ पाणी होतं, आणि काठावर रिकामा हंडा पुढ्यात घेऊन त्याची आत्या, बनुबाई, एकटीच बसली होती. सत्तरी उलटलेली बाई.

"बाकीच्या?" त्यानं विचारलं.

"कामाव गेल्या. हजेरी बुडवून कसं चालंल? मी हाय की बसाया."

त्यानं कागद काढला. "आत्या, मी आपलं लिहून छापलंय. ऐक." तिला वाचता येत नव्हतं. त्यानं सावकाश वाचून दाखवलं. अकरा नावं ऐकताना ती दर नावाला मान हलवत होती. पान संपलं. शाबासकीची वाट बघत तो थांबला. लपवायचं कशाला, ती मिळावी म्हणूनच तो एवढा डोंगर चढून आला होता.

"आन बायांची नावं?" बनुबाई म्हणाली.

कानिफनाथानं कागदाकडं पाहिलं. तिथं नुसतं 'वाडीतल्या बायका' होतं.

"आईनं ती सांगितली नाहीत."

"सांगितली न्हाईत? अरं, ती ह्या दिवशी हितं बसली की सांगायची. तू शेजारी असायचास. पर तुला चौकी कशी जाळली त्येच पायजे असायचं. नावं सुरू झाली की तू पळायचास पोरांत."

त्याला एकदम आठवलं. आई हंड्याच्या काठावर बोट टेकवून काहीतरी पुटपुटायची, एकेक नाव घेऊन बोट पुढं सरकवायची. कंटाळा यायचा त्याला. सरकारी कागदानं जे अकराजणांचं केलं होतं, तेच त्यानं या बायांचं केलं होतं, आणि त्याच्यापाशी तर सांगणारी आई होती.

"आता सांग," तो म्हणाला.

"साळू. त्या नवसूची बायकू. गोजर. ठकी. छबू, दिवस गेलेली हुती, तितंच मेली. भिमा." बनुबाई थांबली. "सात हुत्या. दोगींची मला न्हाई ठाव. तुझ्या आईला ठाव हुती."

त्यानं पेन्सिलीनं पाच नावं लिहिली. उन्हं माथ्यावर आली तशी ती उठली. तिचा हंडा त्यानं भरला आणि घरापर्यंत नेऊन दिला.

पुढल्या रविवारी त्यानं छापखाना उघडला. सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून जुळवली, खाली एकाखाली एक पाच नावं लावली. पुढं उरलेल्या दोघींसाठी दोन ओळी मोकळ्या ठेवायच्या होत्या. छपाईत मोकळी जागा आपोआप राहत नाही. तिथं अक्षर नसलेले, कोऱ्या शिशाचे तुकडे बसवावे लागतात, नाहीतर सगळं पान ढासळतं. कानिफनाथानं ते तुकडे वेचले आणि आईच्या बोटासारखं बोट टेकवत एकेक करून त्या दोन ओळी भरल्या.