न मागितलेला क्रम

ताईंसमोर मोघम बोलण्याची सोय नव्हती. "जमलं तर बघा," असे कोणी म्हटले, की त्या विचारत, "काय बघू? आन् न्हाई जमलं तर काय करू?" वयाने त्या माझ्याहून लहान. पण आखाडा बाळापूरच्या त्या छोट्या दवाखान्यातले कॉम्प्युटरचे सारे काम त्यांच्याकडे होते आणि शिकवणीचे वर्ग बंद करून, चाळिशी उलटल्यावर, मी त्यांच्या हाताखाली शिकू लागलो होतो. म्हणून त्या मला 'सर' म्हणत आणि मी त्यांना 'ताई'.

माझा भिडस्तपणा त्यांनी लगेच ओळखला. मी चहाच्या किटलीकडे नुसता पाहत राही. "सर, पाहिजे असल तर तोंडानं मागा. मनातलं मला वाचता येत न्हाई, ह्या मशीनला तर मुळीच न्हाई." क्वेरी म्हणजे मशीनला विचारलेला प्रश्न आणि तो पुरता विचारावा लागतो, हे मी असे चहावर शिकलो.

डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली, तेव्हा ताईंच्या काही क्वेरी उघडच मोडल्या. चुकांचे संदेश आले, त्यांनी त्या दुरुस्त केल्या. एक मात्र मुकाट्याने बिघडली. रुग्णांना पाळीने बोलावणारी यादी नावे सगळी देत होती, म्हणून आम्ही दोघेही निर्धास्त राहिलो. जुनी आवृत्ती ती नावे नोंदणीच्या क्रमाने आपणहून लावून देई, नवी देत नव्हती. आणि 'क्रमाने दे' असे ताईंनी त्या क्वेरीत कधी लिहिलेच नव्हते.

त्याच दिवशी दुपारी बाहेरच्या बाकावर डोंगरकडा गावच्या एक आजी कलंडल्या. साखर तपासायची म्हणून त्या सकाळपासून उपाशी होत्या. सिस्टरने त्यांना सावरले, साखरपाणी पाजले. यादीत आजींचे नाव तळाशी पाहून ताईंचा चेहरा उतरला. त्या बाहेर गेल्या, मागोमाग मी.

"आजी, तुमी कवा आलात?"

"पहिल्या जीपनं. माझ्या आधी कोणीच नव्हतं, बाई."

"मग बोलला काहून न्हाई?"

"मशीन नावं घेऊन राहिली. ती शिकलेली. मला वाटलं, माझंच काही चुकलं असन."

बाकांवरच्या प्रत्येकाला आपल्या आधी कोण आले ते ठाऊक होते. कोणीच बोलले नव्हते. ताईंनी सर्वांसमोर हात जोडले. "तुमचं न्हाई, माझं चुकलं." मला मान वर करवली नाही. मग बाकाबाकापाशी जाऊन, "तुमच्या आधी कोण?" असे विचारत त्यांनी त्या दिवसाची पाळी लावली. क्वेरी दुरुस्त करायला एक ओळ पुरली.

त्यानंतर "तोंडानं मागा" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. न बोलता त्या माझ्यापुढे कप सरकवीत आणि तो पिताना मला लाज वाटे, माझी की त्यांची, ते नीट कळत नसे.

नांदेडला नवी नोकरी मिळून त्या निघाल्या, त्या दिवशीही कप तसाच पुढे आला. मी म्हणालो, "ताई, आणखी अर्धा कप पाहिजे."

त्या किटलीपाशी थांबल्या. पुष्कळ दिवसांनी त्यांचा तो जुना प्रश्नार्थक स्वर ऐकू आला. "साखरेचा का बिनसाखरेचा? सांगा, सर."

मी सांगितले. दोघांनीही वर पाहिले नाही.